एका हर्नियाचे तीन कोड

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन एका खासगी रुग्णालयात झालं. डिस्चार्ज कार्डवर 'हर्निया, ऑपरेशन केले' एवढंच लिहिलंय. विमा कंपनीच्या टीपीएने, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेने, क्वेरी काढली की निदानाचा आयसीडी-१० कोड आणि शस्त्रक्रियेचा पीसीएस कोड द्या. त्याआधी चौकशीला गेलो तेव्हा सरकारच्या महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राने, म्हणजे तिथल्या मदतनीसाने, याच ऑपरेशनचा तिसराच कोड दाखवला होता. एका आजाराला तीन कोड कसे? खरा कोणता? आणि तो ठरवतं कोण?

ताई, तिन्ही खरे आहेत, कारण तिघांना विचारलेले प्रश्न वेगळे आहेत. वडिलांना काय झालं होतं, हे आयसीडी, म्हणजे आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, सांगतं. सर्जनने काय केलं, हे पीसीएस, म्हणजे शस्त्रक्रियांचं वर्गीकरण, सांगतं. योजनेचा कोड सांगतो की त्या कामाचे रुग्णालयाला किती पैसे मिळणार आणि त्यासाठी कोणते कागद जोडावे लागणार. मी आधी पुण्यात बसून अमेरिकन रुग्णालयांचं कोडिंग केलं, आता इथल्याच एका रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात आहे. दोन्हीकडे काम केल्यावर माझं मत पक्कं झालंय: कोडिंगमधल्या बहुतेक चुका कोडचं पुस्तक उघडण्याच्या आधीच, केसपेपर लिहिताना झालेल्या असतात. तुमच्या वडिलांच्या बाबतीतही तेच झालंय.

आधी आजाराचा कोड घेऊ. आयसीडीचा जन्म विम्यासाठी झालेला नाही, मृत्यू मोजण्यासाठी झाला. १८९३ साली शिकागोच्या अधिवेशनात झाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची यादी मांडली आणि देशोदेशींनी ती स्वीकारली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती हाती घेतली, तेव्हा मृत्यूच्या जोडीला आजारही त्यात आले. आपण वापरतो ती दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. हा उगम लक्षात ठेवा, कारण त्यातूनच आयसीडीचा मूळ नियम कळतो: प्रत्येक रुग्ण कुठल्या ना कुठल्या एका खणात बसलाच पाहिजे आणि दोन खणांत एकाच वेळी बसता कामा नये. टपाल कार्यालयात पत्रं लावतात तसंच हे. पत्ता अपुरा असला तरी पत्र कुठेतरी टाकावंच लागतं. म्हणून जवळजवळ प्रत्येक गटात शेवटी '.८' म्हणजे 'इतर' आणि '.९' म्हणजे 'तपशील दिलेला नाही' असे खण ठेवलेले असतात.

आता हर्निया बघा. जांघेतला म्हणजे इंग्वायनल हर्निया के४० मध्ये जातो, मांडीच्या वरच्या भागातला फेमोरल के४१ मध्ये, बेंबीचा के४२ मध्ये, पोटाच्या पुढच्या भिंतीतला किंवा जुन्या टाक्यांच्या जागेवरचा के४३ मध्ये, छातीच्या पडद्यातला के४४ मध्ये. डॉक्टरांनी नुसतं 'हर्निया' लिहिलं तर यातला एकही घेता येत नाही. मग उरतो के४६.९: पोटाचा हर्निया, प्रकार सांगितलेला नाही, अडकलेला नाही, गँगरीन नाही. तुमच्या कार्डावरच्या शब्दांवरून मला हाच कोड द्यावा लागेल.

टीपीए यावर का अडतो तेही समजून घ्या. बहुतेक पॉलिसींत हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध अशा ठराविक आजारांना पहिली दोन वर्षं संरक्षण नसतं, म्हणून ते तारीख तपासतात. पण खरी मेख के४३ मध्ये आहे. जुन्या टाक्यांच्या जागी आलेला हर्निया म्हणजे आधी पोटाचं एक ऑपरेशन झालेलं आहे. मग पुढचा प्रश्न हमखास येतो: ते ऑपरेशन पॉलिसी घेताना सांगितलं होतं का? के४६.९ ही शंका मिटवत नाही, म्हणून क्वेरी निघते. वडिलांचा हर्निया जांघेतला असेल तर तो के४०, आणि ही शंका तिथेच संपते.

के४० च्या आतही फरक आहेत. एका बाजूचा, न अडकलेला असेल तर के४०.९. अडकलेला असेल तर के४०.३. आतड्याला गँगरीन झालं असेल तर के४०.४. नवे कोडर इथे एक हमखास चूक करतात. सर्जन 'स्ट्रँग्युलेटेड' (आवळला जाऊन रक्तपुरवठा तुटलेला) लिहितात आणि कोडर तो शब्द म्हणजे गँगरीन समजून के४०.४ टाकतो. आयसीडीत स्ट्रँग्युलेटेड हा अडकलेल्या हर्नियातच धरतात. गँगरीन हा शब्द, किंवा आतड्याचा तुकडा काळा पडल्याची नोंद, ओटी नोटमध्ये, म्हणजे सर्जनने लिहिलेल्या ऑपरेशनच्या नोंदीत, स्पष्ट असल्याशिवाय के४०.४ लावता येत नाही. आणखी एक गंमत पाहा: एका बाजूचा हर्निया उजवा की डावा, हे आयसीडी-१० मधला आजाराचा कोड सांगतच नाही.

उजवा-डावा कळतो तो शस्त्रक्रियेच्या कोडमध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडीत शस्त्रक्रिया नाहीतच. पीसीएस हे अमेरिकन सरकारने आपल्या रुग्णालयांतल्या भरती रुग्णांसाठी करून घेतलेलं स्वतंत्र वर्गीकरण आहे, तिथे ते १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झालं. आपल्याकडे आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, ठरवून दिलेल्या क्लेम फॉर्मचा भाग ब रुग्णालयाने भरायचा असतो. त्यात आधी मुख्य निदान, इतर निदानं आणि सहव्याधी यांच्या आयसीडी-१० च्या ओळी आहेत, आणि खाली शस्त्रक्रियेसाठी पीसीएसच्या. फॉर्ममध्ये रकाना आला, पण तो भरायला शिकलेली माणसं बहुतेक रुग्णालयांत आलीच नाहीत. मी पाहिलेल्या फॉर्मांत हा रकाना बऱ्याचदा रिकामा असतो किंवा त्यात आजाराचाच कोड परत लिहिलेला असतो.

पीसीएसची रचना मला मनापासून आवडते, म्हणून ती जरा उलगडून सांगते. प्रत्येक कोडला बरोबर सात जागा असतात आणि प्रत्येक जागेला ठरलेला अर्थ असतो. उजव्या जांघेतल्या हर्नियाचं दुर्बिणीतून जाळी बसवून केलेलं ऑपरेशन असं लिहितात: ०-वाय-यू-५-४-जे-झेड. पहिला शून्य म्हणजे शस्त्रक्रिया विभाग. वाय म्हणजे शरीराचा खालचा प्रदेश. जांघ पीसीएसने पोटात न धरता तिथे धरली आहे. यू म्हणजे मूळ कृती: असलेल्या भागाला आधार जोडून बळकटी देणे. ५ म्हणजे उजवी जांघ. डावी असती तर ६. पाचव्या जागेवरचा ४ म्हणजे दुर्बीण. उघडं ऑपरेशन असतं तर तिथे ०. जे म्हणजे कृत्रिम वस्तू, इथे जाळी. शेवटचा झेड म्हणजे आणखी काही सांगायचं नाही. जाळी न लावता नुसते टाके घालून दुरुस्ती केली असेल तर मूळ कृतीच बदलते, यूच्या जागी क्यू येतो. शून्य आणि एक या अंकांशी गफलत होऊ नये म्हणून ओ आणि आय ही अक्षरं या पद्धतीत वापरतच नाहीत.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पीसीएसच्या कोडमध्ये आजार येत नाही. हर्निया अडकलेला होता की नव्हता याने तो कोड बदलत नाही. सर्जनच्या हातांनी काय केलं एवढंच तिथे बघायचं. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या बिलासाठी जे सीपीटी कोड वापरतात, त्यांची तऱ्हा अगदी वेगळी आहे. हे पाच अंकी कोड अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ पासून चालवलेत. मोठ्या माणसाच्या जांघेतल्या हर्नियाचं पहिलंच उघडं ऑपरेशन साधं असेल तर ४९५०५, अडकलेला असेल तर ४९५०७, आणि दुर्बिणीतून केलं तर ४९६५०. म्हणजे इथे आजाराची अवस्था शस्त्रक्रियेच्या कोडमध्येच शिरली, आणि उजवा-डावा मात्र कोडला वेगळी शेपटी जोडून सांगावा लागतो. एक पद्धत रुग्णालयाचे आकडे आणि खर्च मोजायला केलेली, दुसरी डॉक्टरच्या श्रमाचं बिल करायला केलेली. पुण्या-मुंबईत बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, फार्मसी करून कितीतरी मुलं-मुली या कामात आली आहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच की सीपीटी पाठ करण्याआधी शरीररचना आणि ओटी नोट वाचायला शिका. सीपीटी दर जानेवारीत बदलतं आणि पीसीएस दर ऑक्टोबरमध्ये, पण जांघेची रचना बदलत नाही.

तिसरा कोड योजनेचा. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि आता ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून चालते. केंद्राच्या २०२२ च्या यादीत १,९४९ प्रक्रिया आहेत. तिथल्या कोडची सुरुवात विभागाच्या दोन अक्षरांनी होते, जनरल सर्जरीला एसजी, जनरल मेडिसिनला एमजी. हे वर्गीकरण दरपत्रकाचं आहे. प्रत्येक कोडमागे एक रक्कम आणि लागणाऱ्या तपासण्या, फोटो, नोंदी यांची यादी बांधलेली असते. रोगांची मोजणी करायला हा कोड वापरता येत नाही आणि खासगी विम्याच्या फॉर्ममध्ये तर त्याचा काहीच उपयोग नाही. तुम्ही योजनेतून उपचार घेतला नसेल तर तो कोड विसरून जा.

आता तुमच्या क्वेरीचं. रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात किंवा विमा डेस्कवर जाऊन डिस्चार्ज कार्ड दुरुस्त करून मागा. त्यावर हर्नियाचा प्रकार, बाजू, पहिल्यांदाच झालेला की परत उद्भवलेला, अडकलेला होता की नाही, ऑपरेशन उघडं की दुर्बिणीतून, जाळी लावली का, हे सगळं सर्जनने स्वतः लिहायला हवं. दुरुस्तीवर तारीख, सही आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. सोबत ओटी नोटची प्रत आणि जाळीचं स्टिकर जोडा. जाळीच्या डबीवरचं स्टिकर केसपेपरमध्ये चिकटवलेलं असतं. पीसीएस कोड कुणालाच देता येत नसेल तर शस्त्रक्रियेचं पूर्ण नाव शब्दांत लिहून पाठवा. ते नाव नेमकं असेल तर टीपीएकडचा कोडर त्यावरून कोड काढू शकतो. आणि सहव्याधीच्या ओळीत वडिलांचा मधुमेह असेल तर तोही नीट लिहून घ्या. नुसतं 'डीएम' लिहिलं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आवृत्तीत तो ई१४ होतो, म्हणजे कोणता मधुमेह ते माहीत नाही. 'टाइप टू' एवढे दोन शब्द असतील तर ई११.

एक गोष्ट कडकपणे सांगते. क्लेम पास व्हावा म्हणून रुग्णालयाला कोड बदलायला सांगू नका, आणि त्यांनी स्वतःहून तसं सुचवलं तरी नाही म्हणा. न अडकलेला हर्निया अडकलेला म्हणून लिहिणं ही फसवणूक आहे. शिवाय ती नोंद वडिलांच्या नावावर कायम राहते आणि पुढच्या आजारपणात तीच आडवी येते. खरी नोंद देऊनही क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा आणि तिथे समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. आपल्याकडे मुंबई आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत.

तुमचा शेवटचा प्रश्न, कोड ठरवतं कोण, याच्यासाठी मला थोडं लांब बोलावं लागेल. निदान डॉक्टर ठरवतो, कोड कोडर ठरवतो, आणि कोडरला डॉक्टरने न लिहिलेलं काहीही गृहीत धरायची परवानगी नाही. रक्तातली साखर तीनशे दिसत असली तरी 'मधुमेह' हा शब्द डॉक्टरने लिहायला हवा. अमेरिकन कामात शंका आली की डॉक्टरला लेखी प्रश्न पाठवायचा, आणि तोही उत्तर सुचवणारा नसावा, असा दंडक होता. आपल्याकडे रेकॉर्ड विभागातून डॉक्टरला प्रश्न गेला तर अनेक ठिकाणी तो आगाऊपणा समजतात. हे बदललं पाहिजे. कारण त्याची किंमत क्लेमच्या बाहेर, फार मोठ्या ठिकाणी मोजावी लागते.

उदाहरण आपल्याच मातीतलं घ्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, त्यात माणसं दगावली. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची विषबाधा आयसीडीत टी६०.० आहे. पण हा अर्धाच कोड झाला. विष शरीरात कसं गेलं त्याचा दुसरा कोड जोडावा लागतो. अपघाताने गेलं असेल तर एक्स४८, जीव द्यायला घेतलं असेल तर एक्स६८, आणि हेतू ठरवता आला नसेल तर वाय१८. एक्स४८ ला चौथा अंक ७ जोडला की घटना शेतावर घडली हेही नोंदलं जातं. म्हणजे केसपेपरवर 'फवारणी करताना, तोंडाला कापड न बांधता, शेतात' इतकं लिहिलेलं असेल तर ही शेतात अपघाताने झालेली विषबाधा आहे हे आकडेवारीत उतरतं. नुसतं 'पॉयझनिंग' लिहिलं तर टी६५.९ होतं: कुठलं तरी विष, माहीत नाही. मग संरक्षक किट, फवारणीचे नियम, औषधांवर बंदी यावर जेव्हा चर्चा होते तेव्हा हा माणूस कुठल्याच तक्त्यात नसतो. आणि घाईत एक्स६८ लागला तर त्याच्या घरच्यांना आत्महत्येच्या शिक्क्यासकट जगावं लागतं. रात्री दोन वाजता अपघात विभागात बसलेल्या तरुण डॉक्टरवर केवढा भार असतो ते मला ठाऊक आहे. तरी हा एक प्रश्न, 'कसं झालं?', विचारून उत्तर लिहून ठेवा, अशी माझी प्रत्येक नव्या रेसिडेंटला विनंती असते. साप चावला की विंचू, हेही तसंच: विषारी सापाला एक्स२०, विंचवाला एक्स२२. कोकणात आणि घाटाखाली या दोन आकड्यांवर प्रतिविषाचा साठा किती लागेल याचा अंदाज बांधता येतो.

पुढे आयसीडी-११ येतंय. ते २०१९ मध्ये मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आहे. त्यात मूळ कोडला बाजू, तीव्रता असे जोडकोड लावता येतात, आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत आयुर्वेद, सिद्ध, युनानीचा भागही त्यात प्रसिद्ध झाला. स्नोमेड सीटी हे आणखी वेगळं, ते डॉक्टरांच्या शब्दांचा कोश आहे, खणांची मांडणी नव्हे. त्याचं भारतातलं काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतून चालतं. दोन्हींबद्दल सवडीने कधीतरी लिहीन, तुमच्या क्वेरीसाठी त्यांची गरज नाही.

मृत्यूच्या कारणाबद्दल मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण आयसीडी ज्यासाठी जन्मली तेच काम आपल्याकडे सर्वांत कच्चं आहे. २०२० च्या सरकारी अहवालानुसार देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं. आणि जे प्रमाणित होतात त्यांतल्या अनेकांवर 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' एवढंच असतं. हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचाच थांबतो. ते मरणाचं वर्णन झालं, कारण झालं नाही. कोड लागतो आय४६.९, जो कुठल्याही आरोग्य खात्याला काहीच शिकवत नाही. 'वृद्धापकाळ' लिहिलं तर आर५४, त्याचीही तीच गत.

रुग्णालयात झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४ आणि बाहेर झालेल्यासाठी नमुना ४-अ असतो. त्याच्या पहिल्या भागात ओळी उलट्या क्रमाने उतरत जातात: सगळ्यात वर ताबडतोबचं कारण, त्याखाली ते कशामुळे झालं, त्याखाली तेही कशामुळे झालं. दुसऱ्या भागात हातभार लावणारे इतर आजार. समजा एक गृहस्थ अडकलेल्या हर्नियासह फार उशिरा भरती झाले आणि वाचले नाहीत. नीट लिहिलेला नमुना असा दिसेल: सेप्टिक शॉक, तो पेरिटोनायटिसमुळे (पोटाच्या आतल्या अस्तराचा दाह), ते डाव्या जांघेतल्या हर्नियात अडकलेल्या आतड्याला गँगरीन झाल्यामुळे, आणि दुसऱ्या भागात टाइप टू मधुमेह. मोजणीसाठी सगळ्यात खालची ओळ धरतात, म्हणजे के४०.४. त्या तालुक्यात हर्नियासारख्या साध्या ऑपरेशनअभावी माणूस गेला, हे त्या एका कोडमुळे कळतं. त्याच नमुन्यावर आय४६.९ लागला तर ते कुणालाच कळत नाही.

२०२३ च्या दुरुस्तीनंतर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात रुग्णालयाने हे प्रमाणपत्र विनामूल्य द्यायचं आणि त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची, अशी तरतूद झाली आहे. कुणाच्या घरी अशी वेळ आली तर ती प्रत मागून घ्या आणि पहिल्या भागातली सगळ्यात खालची भरलेली ओळ वाचा. तिथे आजाराचं नाव नसेल तर सही केलेल्या डॉक्टरांना विचारा. नोंद निबंधकाकडे जाण्याआधी ती नीट करून घेणं सोपं असतं, नंतर फार कठीण जातं.